वाचक थोडे असताना लिहीत कसं राहायचं

नव्याने लिहू लागलेल्या माणसाला तिसरा-चौथा महिना जड जातो. सुरुवातीला घरचे, ऑफिसातले, शाळेच्या ग्रुपवरचे सगळे कौतुक करतात. "अगं, तू लिहितेस हे माहीतच नव्हतं," म्हणत फुलांचे गुच्छ पाठवतात. मग नवलाई ओसरते. लेख पाठवला की दोन-तीन उत्तरं येतात, तीही नेहमीच्याच माणसांची. वाईट याचं वाटतं की नेमका याच सुमारास लेखनाला सूर सापडू लागलेला असतो, आणि बरेच जण इथेच हात आखडता घेतात.

तसं होऊ नये म्हणून काय काय करता येतं, ते पायरीपायरीने सांगते. नोकरी, घर आणि लोकलची धावपळ सांभाळून मुंबईत मराठी लिहिणारी माणसं डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. तुम्ही आठवणी लिहा, पाककृती लिहा, आपल्या विभागातल्या जुन्या इमारतींविषयी लिहा. ते व्हॉट्सअॅपवर पाठवा, फेसबुकवर टाका, नाहीतर सोसायटीच्या फलकावर लावा. या पायऱ्या सगळीकडे उपयोगी पडतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. "आहेत त्या वाचकांबद्दल कृतज्ञ राहा" असं सगळेच सांगतात. पण तसं वाटतच नसेल तर काय करायचं, ते कोणी सांगत नाही. माझा अनुभव असा की वाटण्याची वाट बघत बसू नये. आभार मानणं हे आठवड्याच्या कामांत बसवायचं काम आहे. वार ठरवून, वेळ ठरवून, एकेका माणसाचं नाव घेऊन ते करायचं. काम सुरू केलं की हळूहळू वाटायलाही लागतं, आणि लिहायचा हुरूप त्यातूनच टिकतो.

पहिली पायरी: वाचकांची नावं वहीत उतरवा

एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, कागदावरच करा, कारण मोबाइल उघडला की हात आकड्यांकडे जातो. गेल्या दोन महिन्यांत तुमच्या लेखनाविषयी ज्यांनी ज्यांनी काही म्हटलं, त्यांची नावं लिहा. उत्तर लेखी आलं असलंच पाहिजे असं नाही. जिन्यात भेटून "परवाचं वाचलं हं" म्हणणाऱ्या शेजारीण काकू, प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या "पुढचं कधी?" विचारणारा ऑफिसातला सहकारी, फोनवर दुसरंच काही बोलताना मध्येच तुमच्या लेखातली एखादी ओळ काढणारी बहीण, सगळे यात आले. नावापुढे तारीख, ते काय म्हणाले, आणि कुठल्या लेखाबद्दल म्हणाले, एवढंच टिपा.

ही यादी करायला बसलात की पहिल्यांदा सात-आठ नावं आठवतील. वही दोन दिवस जवळ ठेवा, आणखी येतील. त्यात एक-दोन अशी निघतील की जी तुमच्या ओळखीची नव्हती, कोणाच्या तरी हातून लेख त्यांच्यापर्यंत गेला होता. ही नावं अधोरेखित करा. तुमचं लिखाण तुमच्या नात्यागोत्यापलीकडे पोचलं याचा पुरावा ती आहेत.

आता न दिसणाऱ्या वाचकांबद्दल. व्हॉट्सअॅपवर ज्यांनी निळ्या खुणा बंद केल्या आहेत, त्यांनी तुमचं वाचलं की नाही हे तुम्हाला कळत नाही. तुमचं स्टेटस त्यांनी पाहिलं तरी पाहणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव येत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवत असाल तर एका यादीत २५६ जणांपर्यंतच घेता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. तेव्हा "मी दोनशे जणांना पाठवते आणि चारच उत्तरं येतात" असं कोणी म्हणालं, तर आधी विचारा की त्या दोनशेंपैकी किती जणांकडे तुमचा नंबर साठवलेला आहे. नव्या माणसाला यादीत घेताना "माझा नंबर सेव्ह कराल का, म्हणजे लेख पोचेल" असं स्पष्ट सांगा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

शिवाय मुंबईत मोबाइलवरचं पुष्कळसं वाचन लोकलमध्ये होतं. एक हात कडीला, दुसऱ्या हातात फोन, खांद्याला पर्स, आणि पुढचं स्टेशन दादर. अशा वेळी वाचून होतं, उत्तर लिहून होत नाही. उतरल्यावर विसरायला होतं. अशी माणसं महिनोन्‌महिने गप्प राहून वाचतात आणि एखाद्या लग्नात भेटली की तुमचा जुना लेख तुम्हालाच सांगतात. तेव्हा उत्तर आलं नाही म्हणजे वाचलं नाही, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

दुसरी पायरी: आकडे महिन्यातून एकदाच बघा

किती जणांनी पाहिलं, किती जणांना आवडलं, हे बघूच नका असं मी म्हणणार नाही. त्यातून थोडं शिकताही येतं. पण त्याला वेळ नेमून द्या. महिन्याचा शेवटचा रविवार, अर्धा तास, पुरे. लेख टाकल्या टाकल्या दर दहा मिनिटांनी फोन उघडून बघायची सवय लागली, तर ती लेखनाच्या मुळावर येते.

याचं कारण फार जुन्या एका प्रयोगात सापडतं. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास केला. रंगीत मार्करने चित्रं काढायला ज्यांना आपणहून आवडत होतं, अशीच मुलं त्यांनी निवडली. त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक ते दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी वर्गात पुन्हा मार्कर ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं त्यांच्याकडे बरीच कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

लिहिणाऱ्या माणसाने यातून घ्यायचं ते हे. कौतुकाने आवड मरत नाही. कौतुकाची आधीच बोली लावून लिहायला बसलं की आवड मरते. "याला शंभर लाइक मिळतील" असं मनात धरून लिहिलेला लेख आणि "हे मला सांगायचंच आहे" म्हणून लिहिलेला लेख, यांत पहिल्याला शंभर मिळाले तरी पुढचा लिहायचा उत्साह दुसऱ्यानंतरच जास्त येतो. म्हणून लेख टाकल्यावर त्या दिवशी ते अॅप उघडू नका, सूचना बंद ठेवा. कौतुक यायचं तर ते तुमच्या बघण्याविना येईल, आणि अवचित आलेलं कौतुक गोड लागतं.

महिन्याच्या त्या अर्ध्या तासात काय बघायचं? एकूण आकडा बाजूला ठेवा. कुठल्या लेखावर माणसांनी स्वतःची आठवण लिहून पाठवली, ते शोधा. "छान", "मस्त", नमस्काराचे हात यांपेक्षा "आमच्या चाळीतसुद्धा असंच होतं" ही एक ओळ फार मोलाची. ज्या लेखांवर अशा ओळी आल्या, त्यांचे विषय वहीच्या मागच्या पानावर लिहा. पुढच्या वर्षभराचे विषय तिथून मिळतात.

तिसरी पायरी: वार, आकार आणि शिल्लक

आठवड्यातून एक की पंधरवड्यातून एक, हे आधी ठरवा. झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मं ठरवलंत तर टिकेल. पाचशे-सहाशे शब्दांचा लेख पंधरा दिवसांनी देणं बहुतेकांना जमतं.

लोकलच्या गर्दीत टाइप करणं होत नाही, तिथे फक्त एका ओळीची टिपणं घ्या. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करायची सोय आहे, ती घरी शांत खोलीत वापरून पहिला खर्डा काढा. बोलून काढलेला खर्डा विस्कळीत असतो, पण त्यात बोलीचा वास असतो, तो नंतर दुरुस्त करताना घालवू नका.

हाताशी तीन-चार लेख शिलकीत ठेवा. जुलैत गाड्या तुंबतात, मग गणपती, मग नवरात्र, मुलांच्या परीक्षा. या दिवसांत लिहून होत नाही आणि मग "माझा नेम मोडला" म्हणून माणूस खचतो. शिलकीतला लेख टाकला की नेम राहतो.

चौथी पायरी: विषय अरुंद करा

वाचक वाढावेत म्हणून माणसं विषय रुंद करतात. प्रेरणा, आयुष्य, नाती, पाऊस. मला याच्या अगदी उलट वाटतं. विषय जितका अरुंद, तितके वाचक घट्ट. लालबाग-परळच्या खाणावळींवर लिहिणाऱ्या बाईला वाचक पन्नासच मिळतील, पण त्यांतले वीस जण स्वतः त्या खाणावळीत जेवलेले किंवा तिथे पोळ्या लाटणाऱ्या बाईची मुलं-नातवंडं असतील. ते नुसतं वाचणार नाहीत, भर घालतील. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार या खाणावळींत महिनेवारीवर जेवत. घरोघरी या खाणावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा या घरांच्या चुलींचं काय झालं? हे ज्यांना आठवतं ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहिलेला एक लेख चाळीस जणांनी वाचला, तरी तो लिहायला हवाच होता.

किंवा वरळी, माहीम, खारदांडा, वर्सोवा अशा एखाद्या कोळीवाड्यात राहत असाल तर माशांची नावं घ्या. बाजारात सुरमई-पापलेटाच्या पुढे ज्यांची ओळख जात नाही, त्यांना मुडदुशी, मांदेली, निवट्या, घोळ, तारली यांची चव, हंगाम आणि साफ करायची रीत सांगा. ही माहिती आजीकडे आहे आणि तिची नात आयटी कंपनीत आहे. तुमचा वाचक ती नात आहे.

थोड्या वाचकांसाठी मन लावून काम करायची मुंबईत फार जुनी वहिवाट आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण'चा पहिला अंक इथूनच काढला, तेव्हा छापील मराठी वाचू शकणारी माणसंच मोजकी होती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी असं ते पत्र आधी पाक्षिक होतं, मग साप्ताहिक झालं आणि १८४० पर्यंत चाललं. विशीतल्या त्या माणसाने वाचक तयार होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर आपल्याला ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करता आला नसता. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत 'शब्द', 'असो', 'येरू' अशी लघुअनियतकालिकं मुंबईतल्या तरुणांनी काढली. नावातच अनियत, अंक निघाला तर निघाला. पैसे नाहीत म्हणून कधी सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या आणि हातोहात वाटायच्या. त्या मूठभर प्रतींनी मराठी कवितेची भाषा बदलली. आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेतल्या छोट्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं केली, तीही मोजक्या खुर्च्यांपुढे. मोठ्या नाट्यगृहात ज्यांना जागा नव्हती, अशा नाटकांना तिथे घर मिळालं.

ही उदाहरणं धीर द्यायला सांगत नाही. त्या सगळ्यांनी आपला वाचक-प्रेक्षक कोण हे नेमकं ठरवलं होतं, ते बघा. तुमच्या वहीतली नावं वाचा आणि पुढचा लेख त्यांतल्या एकाला उद्देशून लिहा. लेखात त्यांचं नाव घालायची गरज नाही. "हे कुलकर्णी काकांना कळेल का, त्यांना कंटाळा येईल का" एवढाच प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला विचारा.

पाचवी पायरी: आभार कसे मानायचे

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आभार नेमके असावेत. "सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार, असाच लोभ असावा" हे वाक्य कोणालाच लागत नाही, कारण ते कोणालाच उद्देशून नाही. त्याऐवजी असं लिहा: "काका, तुम्ही डिलाईल रोडच्या पोळी-भाजी केंद्राची आठवण लिहिलीत, तिथे संध्याकाळी ताक फुकट मिळायचं हे मला ठाऊक नव्हतं. लेखात ते घातलं आहे, तुमच्या नावाने." यात तीन गोष्टी झाल्या. त्यांनी काय दिलं ते सांगितलं, त्याचं तुम्ही काय केलंत ते सांगितलं, आणि श्रेय दिलं. पुढच्या लेखाची ते वाट बघतील.

आभार दोन दिवसांत माना. आठवडा उलटला की ते औपचारिक होतात. वेळ नसेल तर पंधरा सेकंदांचा आवाजी संदेश पाठवा, वयस्कर माणसांना तो लेखी संदेशापेक्षा जास्त आवडतो.

आभारांना मागणीचं शेपूट लावू नका. "धन्यवाद, आणि कृपया पुढे पाठवा" यातलं पहिलं वाक्य दुसऱ्यामुळे खोटं पडतं. पुढे पाठवायला सांगायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या संदेशात सांगा. मी तर म्हणेन, सांगूच नका. ज्याला मनापासून लागतं तो न सांगता पाठवतो.

चूक दाखवणाऱ्याचे आभार आधी माना. शुद्धलेखनाची असो, सालाची असो, गल्लीच्या नावाची असो. मराठी वाचकाला चूक कळवायचा उत्साह असतो आणि नवीन लेखक त्याने दुखावतो. पण ज्याने तुमच्या लेखातलं साल तपासून बघितलं त्याने तुमचा लेख बारकाईने वाचला, त्या महिन्यात तसं वाचणारा कदाचित तो एकटाच असेल. दुरुस्ती करा आणि त्याला कळवा.

आता ज्यांच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही त्यांच्याविषयी. तुम्ही ज्यांच्यावर लिहिता ती माणसं. मंडईतली कोळीण, गल्लीतला इस्त्रीवाला, देवळाबाहेर गजरे विकणाऱ्या मावशी, गिरणीत खाते सांभाळलेले आजोबा. त्यांच्याकडून तासभर ऐकून आपण लेख लिहितो, लोक आपलं कौतुक करतात, आणि ज्यांचं बोलणं होतं त्यांना लेख झाल्याचंही कळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. लेख टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवा. बऱ्याच जणांना स्वतः वाचता येत नाही, किंवा चष्मा घरी राहिलेला असतो, म्हणून वाचून दाखवणंच बरं. गिऱ्हाईक नसेल अशी वेळ साधा. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला बाजार ओसरलेला असतो. वाचताना त्या मध्येच थांबवतील. "तसं नाय बाय, ते असं होतं" म्हणतील. तिथे थांबा, लिहून घ्या. लेख सुधारतो आणि त्यांना आपल्या बोलण्याचा मान राहिल्याचं समाधान मिळतं. फोटो टाकायचा असेल तर कुठे टाकणार, कोण बघणार हे सांगून विचारा. नको म्हणाल्या तर नको. त्यांचा वेळ धंद्याच्या वेळेतला असेल तर काहीतरी विकत घ्या, भाव न करता.

लेख छापून झाल्यावर किंवा पाठवून झाल्यावर त्याची एक झेरॉक्स त्यांना नेऊन द्या. घरात कोणीतरी शाळेत जाणारं असतंच, ते वाचून दाखवतं. तुमच्या वहीत अशा माणसांसाठी वेगळं पान ठेवा. लेखन थोड्या लोकांपर्यंत जातं याचं वाईट वाटतं तेव्हा हे पान उघडा. तुमच्या लेखामुळे एखाद्या घरात आजीच्या आयुष्याबद्दल पहिल्यांदा बोलणं झालं असेल, तर त्याची नोंद कुठल्याच अॅपमध्ये होत नाही. ती इथेच करावी लागते.

सहावी पायरी: आठवड्याची नोंद

आठवड्यातून एकदा, सोयीच्या वारी, लेखनामुळे मिळालेल्या पाचपर्यंत गोष्टी वहीत लिहा. कोणाची ओळख झाली, काय नवीन कळलं, कोणी एखादा शब्द शिकवला, कुठल्या परिच्छेदाने तुम्हालाच बरं वाटलं. पाच नसतील तर दोन लिहा, पण ओढूनताणून नको.

रॉबर्ट इमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटापेक्षा या माणसांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटत होतं, येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त आशा होती. त्यानंतर सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे यांची तुलना केली. फायदा दिसला तो एकदा लिहिणाऱ्यांना. म्हणून रोज लिहायचा हट्ट नको, रोजचं झालं की त्याचा पाढा होतो.

सातवी पायरी: लिहिती सोबत शोधा

वाचक आणि सोबती वेगळे. वाचकाने वाचावं, सोबत्याने खर्डा फाडावा. दोन-तीन लिहिणारी माणसं पुरतात. वाचनालयाच्या कार्यक्रमात, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या काव्यवाचनात, सोसायटीच्या हस्तलिखितात अशी माणसं भेटतात. महिन्यातला एक रविवार ठरवा, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी बसा, प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात: कुठे कान टवकारले, कुठे लक्ष उडालं. कौतुक किंवा टीका असं वर्गीकरण नको. डोंबिवली, वसई, पनवेलहून यायचं असेल तर दादर सगळ्यांना मधलं पडतं.

सोबत्याचा लेख गाजला आणि तुमचा नाही, असं होणारच. मनात कळ उठते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याला त्याच दिवशी फोन करा आणि त्याच्या लेखातलं नेमकं काय आवडलं ते सांगा. एक वाक्य पुरे, पण खरं हवं. फोन ठेवेपर्यंत कळ बरीचशी ओसरलेली असते. त्याच्या वाचकांतले दोघे-तिघे तुमच्याकडेही येतात, पण ते झालं तर झालं.

आठवी पायरी: थांबावंसं वाटलं तर

थांबा, पण सांगून थांबा. "परीक्षा आहेत, दोन महिने लिहिणार नाही, संक्रांतीनंतर भेटू" असं वहीतल्या सगळ्या नावांना कळवा. न सांगता थांबलेला माणूस पुन्हा सुरू करायला संकोचतो, सांगून थांबलेल्याची लोक वाट बघतात.

घरचं आजारपण, कर्ज, नोकरी जाणं अशा दिवसांत लेखनातून हुरूप येत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. लेखन थांबवा, वही मात्र ठेवा. वहीत नावं लिहायला पाच मिनिटं लागतात. आणि उदास वाटणं आठवडेच्या आठवडे जात नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर ते लेखनाचं दुखणं नाही. डॉक्टरांकडे जा.

वाईट बोलणाऱ्याला एकदाच सभ्यपणे उत्तर द्या. पुन्हा आला तर ब्लॉक करा आणि कामाला लागा. त्याचं नाव वहीत घालू नका, ती जागा दुसऱ्यांची आहे.

नववी पायरी: वर्षाचा हिशेब

दिवाळी अंकांची सुरुवात १९०९ साली मुंबईतूनच झाली, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात आणि त्यांतले बरेच नव्या लेखकांचं साहित्य बघतात. दिवाळीला अंक हातात पडायचा तर साहित्याची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये वही उघडून वर्षातले ज्यांच्यावर आठवणी आल्या असे दोन-तीन लेख निवडा, वाढवा, सोबत्यांपुढे वाचा आणि मेअखेर पाठवा. ज्या अंकाला पाठवता तो आधीच्या वर्षीचा एक तरी वाचून पाठवा. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, थोड्या पैशांत पुष्कळ अंक बघून होतात. परत आला तर दुसरीकडे पाठवा. एकाच वेळी दोघांना पाठवू नका, संपादकांना ते आवडत नाही.

छापून येवो न येवो, वर्षाचे सगळे लेख एकत्र करून प्रिंट काढा आणि स्पायरल बाइंडिंग करून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात अर्ध्या तासात होतं. किती प्रती? वहीत ज्यांनी लेखाला भर घातली असेल तितक्या. एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात दाखवा. घरगुती बांधणीचं पुस्तक सगळेच ठेवून घेत नाहीत, पण स्थानिक इतिहासावरचं असेल तर ग्रंथपाल बहुधा रस घेतात. विषय गिरणगावाचा किंवा कोळीवाड्याचा असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विचारा. १८९८ सालची ती संस्था आहे, आणि तुमच्या विषयावर आधी कोणी काय लिहून ठेवलंय तेही तिथे बघता येईल.

प्रिंट काढताना अक्षर चौदा पॉइंटपेक्षा लहान ठेवू नका, तुमचे बरेच वाचक साठीपुढचे आहेत. डाव्या बाजूला दीड इंच समास सोडा, नाहीतर ओळीची सुरुवात स्पायरलमध्ये जाते. ज्यांनी आठवणी, दुरुस्त्या, शब्द दिले त्या सगळ्यांची नावं पहिल्या पानावर अकारविल्हे छापा, आणि छापण्याआधी प्रत्येकाला विचारून घ्या, नाव कसं लिहायचं ते.